द्राक्ष की डाळिंब? नवी बाग लावण्याआधी

सोलापूर, सांगली, नाशिकच्या पट्ट्यात दोन-तीन एकर रान मोकळं आहे आणि हाताशी थोडं भांडवल आहे, असा माणूस फिरून फिरून याच प्रश्नावर येतो. पण तो पहिल्यांदा विचारतो भाव. पेटी कितीला गेली, कॅरेट कितीला गेलं. द्राक्षाची बाग धरायला दीड-दोन वर्षं जातात, डाळिंबाचा पहिला बहार, म्हणजे फुलं-फळं येण्याचा हंगाम, धरायलाही साधारण तेवढीच. आजचा भाव बघून लावलेल्या बागेचा माल बाजारात येईल, तेव्हा तो भाव कुठे असेल कोण जाणे. त्यामुळे भाव जरा बाजूला ठेवू. माल घेणार कोण, आणि बाग जाईल तर कशाने जाईल, हे आधी बघू.

निर्यातीत द्राक्ष कितीतरी पुढे आहे. 2023-24 मध्ये भारतातून सुमारे 3 लाख 44 हजार टन द्राक्षं बाहेर गेली, किंमत जवळपास 41.7 कोटी डॉलर. त्याच वर्षी डाळिंब गेलं 72 हजार टन, 6.9 कोटी डॉलरचं. किलोचा हिशेब काढलात तर द्राक्षाला एक डॉलर वीस सेंट पडतात आणि डाळिंब डॉलरच्या आतच राहतं. गावात डाळिंब 'महाग फळ' म्हणून मिरवतं, म्हणून हा आकडा ऐकून लोक चमकतात. कारण सरळ आहे. आपलं डाळिंब मुख्यतः दुबई, बांगलादेश, नेपाळ अशा जवळच्या बाजारांत जातं. द्राक्षाचा मोठा वाटा नेदरलँड्स आणि ब्रिटनच्या सुपरमार्केटला जातो.

ही वाट फुकट तयार झालेली नाही. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडचा, म्हणजे वेलीची वाढ रोखायला आपण बागेत वापरतो त्या लिहोसिनचा, अंश सापडला म्हणून युरोपात आपले कंटेनर अडकले आणि कित्येक निर्यातदार व बागाईतदार त्यात बुडाले. आज ग्रेपनेटवर (निर्यातीच्या द्राक्षबागांची सरकारी ऑनलाइन नोंद) प्लॉटची नोंदणी, काढणीआधी नमुना, प्रयोगशाळेचा अहवाल, हे सगळं झाल्याशिवाय घड हलत नाही. हा शिस्तीचा धंदा आहे. फवारणीची वही ज्याच्याकडून रोज लिहून होत नाही, त्याने निर्यातीचं स्वप्न बघू नये.

आणि वही चोख ठेवूनही बाकीचं तुमच्या हातात नसतं. 2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि युरोपचा माल आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागला. भाडं वाढलं, दिवस वाढले, आणि फळ तर नाशवंत. जानेवारी 2025 मध्ये, ऐन हंगामाच्या तोंडावर, बांगलादेशाने ताज्या फळांवरचं पूरक शुल्क 20 वरून 30 टक्क्यांवर नेलं. ढाक्यातल्या निर्णयाचा फटका तासगावच्या द्राक्षपेटीला बसतो, तो असा. जमेची बाजू म्हणजे जुलै 2025 मध्ये ब्रिटनशी व्यापार करार झाला आणि त्यात बहुतेक शेतमालावरचं शुल्क काढायचं ठरलं.

द्राक्षातला खरा बदल मात्र वाणांत आहे. थॉमसन, सोनाका, माणिक चमन यांवर दोन पिढ्या जगल्या. परदेशी ग्राहकाला आता मोठा, करकरीत, टिकाऊ मणी हवा आहे, रंगीतही हवा आहे. तसे वाण पेटंटचे. नाशिकच्या सह्याद्री फार्म्सने 'आरा' मालिकेतले वाण आणले ते परवान्यावर. तिथे तुम्ही काडी विकत घेत नाही, एका साखळीत सामील होता. मला यात गैर काही वाटत नाही, पण 'माझा माल, माझा भाव' ही सवय तिथे सोडावी लागते.

डाळिंबाची नवी दारं अजून किलकिली आहेत. सोलापूर भागातलं भगवा वाणाचं डाळिंब जानेवारी 2025 मध्ये समुद्रमार्गे सिडनीला पोचलं, पावणेसहा टन. पाठोपाठ मार्चमध्ये 14 टन माल जहाजाने अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला लागला. विमानापेक्षा जहाजाचं भाडं बरंच कमी, म्हणून ही मोठी गोष्ट. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं शुल्क एकूण 50 टक्क्यांवर नेलं. तेव्हा अमेरिकेच्या भरवशावर कोणी डाळिंब लावायला सांगत असेल, तर चहा पिऊन उठा. डाळिंबाचा आधार देशातला बाजार आहे आणि तो भक्कम आहे. मात्र तिथेही आता गुजरातचा कच्छ-बनासकांठा आणि राजस्थानचा बाडमेर-जालोर भाग वाटेकरी झालाय.

देशातल्या विक्रीत दोन फळांचा स्वभाव अगदी वेगळा. द्राक्षाचा माल बहुतेक एकदमच, फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये येतो. भाव पाडून मागितले तर बेदाणा करायची सोय आहे, अफगाणी बेदाण्याची स्पर्धा धरूनही. ही पळवाट डाळिंबाला नाही. भगव्याचा अनारदाणा होत नाही. त्याच्या बदल्यात डाळिंबात बहार निवडता येतो. मृग (जून-जुलै), हस्त (सप्टेंबर-ऑक्टोबर), आंबिया (जानेवारी-फेब्रुवारी). शिवाय फळ टणक, चार दिवस थांबतं. द्राक्षाचा व्यापारी बागेत उभा राहून उद्या काढतो म्हणतो, पैसे पंधरा दिवसांनी, आणि पंधराव्या दिवशी त्याचा फोन बंद. असा अनुभव नसलेलं गाव द्राक्षपट्ट्यात दाखवा. डाळिंबाचं कॅरेट बाजारात लिलावात विकलं की हिशेबाची पट्टी हातात पडते.

आता बाग कशाने जाते ते बघू. द्राक्षाची वेल सहसा मरत नाही, हंगाम मरतो. ऑक्टोबर छाटणीनंतर पोंगा अवस्थेत, म्हणजे नवी फूट निघत असताना, दोन रात्री पाऊस झाला की डावणी हा बुरशीचा रोग घडावर येतो, आणि मग रात्री बारालाही फवारणीचा ब्लोअर चालू असतो. 2025 मध्ये तर पाऊस मेमध्येच उतरला. उन्हाळ्यातल्या खरड छाटणीनंतर काडीला ऊन लागतं, तेव्हाच तिच्यात पुढचे घड तयार होतात. तिथे आभाळ राहिलं आणि ऑक्टोबर छाटणीनंतर कित्येक बागा घडांशिवाय नुसत्या पाल्याच्या निघाल्या. प्लॅस्टिक आच्छादनाने पावसाचा धोका बराच कमी होतो, पण त्याचा एकरी खर्च छोट्या माणसाच्या आवाक्याबाहेरचा आहे.

डाळिंबात झाडच जातं. तेल्या हा जिवाणूचा रोग ओळखायचा तर पान उन्हाकडे धरून बघा, पाणी शोषल्यासारखा तेलकट ठिपका दिसतो. फळावर आला की ते एल किंवा वाय आकारात तडकतं. तेल्याशी लढता तरी येतं, हस्त बहार धरून तो बऱ्यापैकी टाळताही येतो. मर, म्हणजे झाड वाळवणारा रोग, आणि खोडाला भोकं पाडणारी पिन होल बोरर ही कीड यांनी मात्र सांगोला-आटपाडीत उभ्या बागा उपटायला लावल्या. भारी काळ्या, निचरा नसलेल्या रानात हे संकट ठरलेलं. मुरमाड, हलकं रान असेल तरच डाळिंबाचं नाव काढा.

पाण्याचं गणित डाळिंबाच्या बाजूने आहे. मृग बहाराला उन्हाळ्यात पाणी तोडून बाग ताणावरच असते. द्राक्षाला त्याच दिवसांत, एप्रिल-मेच्या उन्हात, नव्या फुटींसाठी पाणी लागतं. जत आणि तासगावच्या पूर्व भागात टँकरने जगवलेल्या बागांचा हिशेब कोणालाही विचारा.

सरकारी बाजू थोडक्यात. भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत डाळिंब आहे, द्राक्ष नाही. फळपीक विमा दोन्हींना आहे, पण तो हवामान केंद्राच्या नोंदीवर चालतो, तुमच्या बागेतल्या नुकसानावर नाही. केंद्राने ऑगस्ट 2024 मध्ये 1,765 कोटींचा स्वच्छ रोपांचा कार्यक्रम मंजूर केला. रोगमुक्त रोपं नर्सरीत सहज मिळू लागली तर सगळ्यात मोठा फायदा डाळिंबाला होईल, कारण तिथे रोग रोपाबरोबरच घरी येतो.

माझं मत विचाराल तर असं. निर्यातदाराशी किंवा शेतकरी कंपनीशी आधी बोलणं झालेलं असेल, मजूर टोळी हाताशी असेल, बाराही महिने पाणी असेल आणि तुम्ही स्वतः बागेत राहत असाल, तर द्राक्ष, आणि तेही ग्राहक सांगेल त्या वाणाचं. स्थानिक बाजारासाठी थॉमसन-सोनाकाची नवी लागवड मी आज करणार नाही. नोकरी पुण्यात आणि बाग गड्यावर, असं असेल तर द्राक्षाचा विचारही नको. हलकं रान, बेताचं पाणी, बेताचं भांडवल असेल तर डाळिंब. पण एकदम तीन एकर नको, आधी एक एकर. ओळींत पंधरा फूट, झाडांत दहा फूट सोडा, दाटी करू नका. रोपं टिश्यू कल्चरची किंवा ज्याची मातृबाग (जिच्यातून रोपं तयार करतात ती) तुम्ही स्वतः फिरून बघितली आहे अशाच नर्सरीची घ्या. बांधापलीकडे तेल्या लागलेली बाग सोडून दिलेली असेल, तर त्या शेजाऱ्याशी बोलून ती आधी उपटून जाळायला लावा. तो तयार नसेल तर त्या रानात डाळिंब लावू नका.