विजयदुर्गची गाइडफेरी: किल्ला नीट दाखवतात, गोदी मात्र राहून जाते

किल्ल्याच्या दारात गाइड घेतला की ठरलेली फेरी मिळते. मारुतीचं देऊळ, जिभीचा दरवाजा, खलबतखाना, खूबलढा बुरूज, साहेबाचे ओटे (ग्रहण पाहायला बांधलेले चौथरे) आणि परत दारात. तासाभरात सगळं उरकतं. किल्ल्यापुरती ही फेरी खरंच चांगली आहे. तिहेरी तट, वळण घेतल्याशिवाय न दिसणारा दरवाजा, बाहेरून आलेल्या माणसाची आत होणारी कोंडी, हे पाठ केलेलं न बोलता जागेवर उभं करून समजावणारे गाइड इथे भेटतात.

पण विजयदुर्ग हा आधी आरमाराचा तळ. आंग्र्यांचं आणि पुढे पेशव्यांचे आरमारप्रमुख धुळप यांचं आरमार किल्ल्यालगतच्या वाघोटन खाडीत नांगरलेलं असे. तळ म्हटला की गलबतं बांधायची, दुरुस्त करायची जागा लागतेच, आणि ती किल्ल्यात नाही. खाडीच्या आतल्या अंगाला सुमारे तीन किलोमीटरवर, गिर्ये गावच्या हद्दीत खडक खोदून केलेली गोदी आहे: लांबी ३५५ फूट, रुंदी २२७ फूट. ती न बघता परतणं म्हणजे घर पाहून स्वयंपाकघर न पाहणं. म्हणून गाइडचे पैसे ठरवतानाच ‘गोदीसकट का?’ हे विचारा. नाही म्हणाला तर किल्ल्यापुरते पैसे ठरवा आणि गोदीला स्वतः जा. रिक्षा मिळते, शेवटचा टप्पा पायी.

गोदीला वेळ साधूनच जावं लागतं. भरतीत गेलात तर नुसतं पाणी दिसेल. कोकणातला जुना हिशेब सोपा आहे: तिथीला तीनने गुणायचं, चाराने भागायचं, येतील ते भरतीचे तास, त्यानंतर सव्वासहा तासांनी सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. द्वादशीला भरती नऊला, म्हणजे सुकती दुपारी सव्वातीनच्या सुमारास. हा अंदाज आहे, अर्धापाऊण तास इकडेतिकडे धरा आणि जेटीवर खात्री करून घ्या. अष्टमीला सुकती बारा-साडेबाराला पडते. वेळ सोयीची वाटते, पण तेव्हा भांग, म्हणजे कमी चढउताराची भरती-ओहोटी असते, पाणी पुरेसं उतरत नाही. द्वादशी ते पौर्णिमा-अमावास्या हे दिवस धरा, दुपारी तीन ते साडेपाच.

पाणी उतरलं की जागेचा अर्थ लागतो. भरतीला गुराब (मराठा आरमाराचं लढाऊ जहाज) आत घ्यायची, दोन्ही अंगांनी टेकू द्यायचे. ओहोटीबरोबर तिचा तळ उघडा पडतो. मग चिकटलेली कालवं खरवडायची, किड्याने पोखरलेल्या फळ्या बदलायच्या, फटी बुजवायच्या. गुराबेला पाणी कमी लागे, म्हणून खाडीत इतक्या आत ती येऊ शके. युरोपियनांच्या मोठ्या जहाजांना ते जमणारं नव्हतं. आज गोदीत गाळ भरलाय. पाय घोट्याच्या वर रुततो आणि साधी चप्पल गाळातच राहते. पट्ट्याचे रबरी सँडल घाला आणि कडेच्या खडकावर हात टेकू नका, कालवांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात.

गाइडच्या बोलण्यातल्या दोन गोष्टी तपासून घ्या. ‘साहेबाच्या ओट्यांवरून १८६८ साली लॉकियरने हेलियम शोधला’ हे सर्रास सांगतात. ते खरं नाही. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात या शोधात लॉकियरबरोबर ज्याचं नाव घेतलं जातं तो फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता, आणि इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियरने त्या ऑक्टोबरात इंग्लंडमधूनच निरीक्षण केलं. लॉकियर विजयदुर्गला आला तो २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. ही गोष्टही काही कमी मोलाची नाही, मग खोटी का सांगायची? दुसरी गोष्ट किल्ल्याबाहेर समुद्रात असलेल्या पाण्याखालच्या भिंतीची. भिंत आहे, लांबी १२२ मीटरच्या आसपास. पण तटावरून बोट दाखवून ‘ती बघा’ म्हणतात तेव्हा दिसतो तो फेस. भिंत पाण्याखालीच असते.

उलट जे सांगायला हवं ते दोन वाक्यांत गुंडाळतात. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह किल्ल्यावर चालून आले, तेव्हा तुळाजी आंग्र्यांची जहाजं किल्ल्याच्या आडोशाला एकमेकांना बांधून ठेवलेली होती. एका जहाजावर तोफगोळा पडून आग लागली आणि बघता बघता सगळं आरमार जळालं. खाडीच्या बाजूच्या तटावर उभं राहून हे सांगायला गाइडला आवर्जून लावा. खालचं पाणी किती अरुंद आहे ते दिसलं की आग का पसरली हे वेगळं सांगावं लागत नाही.

पावसाळ्यात ही फेरी टाळा. जांभ्यावर शेवाळ धरतं, पायऱ्या निसरड्या होतात आणि तटाचे काही भाग ढासळलेले आहेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मुंबई-गोवा महामार्गावर तळेऱ्याला वळायचं, तिथून पन्नासएक किलोमीटर. पाणी बरोबर न्या. सकाळी किल्ला, दुपारी स्टँडजवळ माशाचं जेवण आणि सुकतीला गोदी, हा क्रम बरोबर बसतो.