लसीचं पुस्तक होतं, लस नव्हती

हातखंबा तिठ्यावर एका माणसाकडून आम्ही लॅब्रॅडॉरचं पिल्लू घेतलं. जाहिरात रत्नागिरीची होती, पण तो स्वतःच्या जागेवर येऊ देईना. "गोव्याकडे निघालोय, हायवेला या, तिथेच देतो." पैसे ऑनलाइन घेतले आणि पिल्लासोबत लसीकरणाचं पुस्तक दिलं. तीन डोस, तिन्हींपुढे तारखा आणि सह्या. "सगळी इंजेक्शनं झालीत, आता वर्षभर बघायला नको."

दुसऱ्याच दिवशी पिल्लाने खाणं सोडलं, फेसाळ उलट्या सुरू झाल्या. रात्री रक्ताचे जुलाब. तो वास पडवीभर भरला होता. डॉक्टरांनी विष्ठेची किटवर तपासणी केली, पार्व्हो निघाला, म्हणजे कुत्र्यांच्या आतड्यांवर घाला घालणारा विषाणूचा आजार.

विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, "माझ्याकडून निघालं तेव्हा ठणठणीत होतं, तुमच्याकडेच लागलं असणार." हे धादांत खोटं आहे. विषाणू अंगात शिरल्यावर लक्षणं दिसायला साधारण ३ ते ७ दिवस जातात, कधी १४ सुद्धा. एका रात्रीत काही होत नाही. पिल्लू आजार घेऊनच आलं होतं.

पुस्तकाचा खोटेपणा डॉक्टरांनी दाखवला. दुधाचे दात बघून त्यांनी पिल्लाचं वय जेमतेम ६-७ आठवडे सांगितलं. पहिली लस ६ ते ८ आठवड्यांची झाल्यावर देतात, पुढच्या ३-४ आठवड्यांच्या अंतराने, वय १६ आठवडे होईपर्यंत. आईच्या चिकातून आलेली प्रतिकारशक्ती आधीच्या लसींचा परिणाम दाबू शकते, म्हणून हे डोस पुन्हा पुन्हा द्यावे लागतात. म्हणजे तीन डोस झालेलं पिल्लू किमान १२ आठवड्यांचं हवं! शिवाय लसीच्या बाटलीवरचं लेबल काढून पुस्तकात चिकटवतात, त्यावर बॅच नंबर आणि मुदत असते; शेजारी डॉक्टरांची सही, शिक्का, नोंदणी क्रमांक. आमच्या पुस्तकात नुसत्या पेनाने लिहिलेल्या तारखा होत्या, तिन्ही एकाच शाईत.

हा विषाणू मारणारं खात्रीचं औषध नाही. सलाईन, उलटी थांबवणारी इंजेक्शनं, सोललेल्या आतड्यांतून जंतू रक्तात शिरू नयेत म्हणून अँटिबायोटिक. वेळेत उपचार मिळाले तर बरीच पिल्लं वाचतात. आमचं वाचलं नाही. इतकं लहान, तरी हाक मारली की शेपटी हलवायचा प्रयत्न करायचं.

त्यानंतर त्या माणसाने "दुसरं देतो, निम्म्या पैशात" असा निरोप पाठवला. कुणालाही असा निरोप आला तर पिल्लू घेऊ नका. हा विषाणू मातीत महिनोन्‌महिने, कधी वर्षभरही टिकतो आणि फिनेलला दाद देत नाही. लादी आधी धुऊन मग १ भाग ब्लीच, ३० भाग पाणी लावून दहा मिनिटं ओली ठेवावी लागते. खळ्याच्या मातीला हेही लागू पडत नाही. माणसांना तो होत नाही, पण आपल्या चपलांवरून पसरतो, म्हणून वाडीतल्या बाकीच्या कुत्र्यांचे डोस आम्ही तपासून घेतले.

२०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार ८ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही, आणि पैदास करणाऱ्याकडे राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी लागते. तो क्रमांक मागितल्यावर त्याने फोन उचलणंच बंद केलं. पुस्तक आणि पैसे दिल्याची पावती जोडून आम्ही पोलिसांत तक्रार दिली आहे. तेच फोटो लावून आता चिपळूणच्या नावाने नवी जाहिरात फिरते आहे, नंबर मात्र वेगळा आहे.