लिव्हरची ग्रीस गन की पिस्तुलाची? हंगामाआधी घेणाऱ्यांसाठी

उसाचा हंगाम लागला की चिकोडी, रायबाग, अथणी पट्ट्यात ट्रॅक्टर-ट्रॉलीला उसंत मिळत नाही. ग्रीस मारायचं ते पहाटे, पहिली खेप निघायच्या आधी, हात गारठलेले असताना. दुकानात मुख्यतः दोन प्रकार समोर येतात: लांब लिव्हरची गन आणि घोडा दाबून चालणारी पिस्तुलाची. दोन्हींत साधारण ४०० ग्रॅम ग्रीस मावतं, त्यामुळे मापावरून निवड होत नाही.

जोराच्या बाबतीत लिव्हरचीच गन सरस. दांडा लांब, त्यामुळे वाळलेल्या ग्रीसने घट्ट झालेलं निप्पलही (सांध्यावरचं ग्रीस आत घेणारं बारीक तोंड) ती बऱ्याचदा मोकळं करते. एका दाबाला ग्रॅमभर किंवा थोडं जास्त ग्रीस जातं. पिस्तुलाची गन बहुधा त्याहून कमी टाकते. आपल्या गनचा आकडा घरीच काढा: कागदावर २० दाब मारा, किराणा दुकानातल्या काट्यावर तोला, २० ने भागा. त्यानंतर किती दाब मारायचे याचा अंदाज राहत नाही, हिशेब राहतो.

तरीही माझा कल पिस्तुलाकडे आहे, आणि त्याचं कारण एकच, तिसरा हात. लिव्हरच्या गनला होज पाइप लावला की एक हात गनच्या नळीवर, म्हणजे ग्रीस भरलेल्या अंगावर, एक लिव्हरवर. मग निप्पलवर कप्लर, म्हणजे पाइपच्या टोकाची पकड, धरायचा कोणी? कप्लर सरळ बसला नाही तर ग्रीस आत जाण्याऐवजी निप्पलच्या कडेने बाहेर येतं. वरून सगळं चकचकीत दिसतं आणि पिन आत कोरडीच राहते. होजऐवजी कडक पाइप लावला तर गनच कप्लरला रेटून धरते, पण ट्रॉलीच्या टर्नटेबलखाली (पुढची चाकं वळवणारी चकती) किंवा पाट्यांच्या शॅकलजवळ (स्प्रिंगच्या पाट्या जोडणारी कडी) ती सरळ रेषा मिळतेच असं नाही. नळी काखेत किंवा गुडघ्याखाली दाबून काम होतं. रोज १५-२० निप्पलांना तसं करणं मात्र जिवावर येतं. पिस्तुलाची गन एका हातात, कप्लर दुसऱ्या हातात, एवढ्यावर काम भागतं.

यावर लिव्हरवाल्यांचं उत्तर म्हणजे लॉकचा कप्लर. तो निप्पलला स्वतः पकडून राहतो, दोन्ही हात मोकळे. उत्तर चांगलं आहे, आणि ज्यांची निप्पलं उघड्यावर आहेत त्यांनी तेच करावं. पण त्याचं अंग जाड असतं. रोटरच्या (रोटाव्हेटरच्या) पीटीओ शाफ्टवर, म्हणजे ट्रॅक्टरची ताकद रोटरला देणाऱ्या फिरत्या दांड्यावर, जो चार टोकांचा क्रॉस असतो त्याचं निप्पल दोन योकच्या (क्रॉस धरणाऱ्या काट्यांच्या) बेचक्यात असतं, तिथे तो सहसा शिरत नाही. आणि नेमकं तिथेच ग्रीस चुकवून चालत नाही: इंजिन बंद, किल्ली खिशात, शाफ्ट हाताने फिरवून निप्पल समोर आणायचं आणि चारही टोप्यांच्या सीलमधून नवं ग्रीस डोकावेपर्यंत मारायचं. एखाद्या टोपीतून आलं नाही तर ती सुई-बेअरिंग उपाशी आहे असं समजा.

गन कोणतीही असो, ‘ग्रीस येत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा हवेची असते. आपल्याकडे कार्ट्रिजपेक्षा (तयार भरलेल्या नळकांड्यापेक्षा) बादलीतलं सुटं ग्रीस जास्त वापरतात. हाताने थापून भरताना मधे पोकळ्या राहतात. त्यात एपी-३ सारखं घट्ट ग्रीस थंडीत जागचं हलत नाही. आधी गनच्या मागचा, ग्रीस ढकलणारा दांडा खाचेतून सोडलाय का ते बघा. तो अडकलेला असला तर स्प्रिंग ग्रीसला ढकलतच नाही. मग गनचं डोकं (नळीवर आट्यांनी बसणारा पुढचा भाग) एक-दोन आटे सैल करा, दांडा हाताने रेटा, बुडबुडे संपून सलग ग्रीस आलं की आवळा. भरताना नळीचं तोंड बादलीत बुडवून दांडा सावकाश ओढला तर हवा मुळात कमी शिरते, आणि धूळही. ग्रीस दांड्याच्या बाजूने मागे येत असेल तर आतला रबरी वायसर झिजलाय किंवा उलटा बसलाय. काही गनमध्ये कार्ट्रिजसाठी आणि सुट्या ग्रीससाठी त्याची दिशा वेगळी असते.

मोकळ्या हवेत ग्रीस नीट येतं, पण निप्पलवर दाब घट्ट होतो, तर दोष बहुधा निप्पलचा. काढून डिझेलमध्ये भिजवा, आतला छर्रा खिळ्याने दाबून पाहा, हलत नसेल तर सरळ बदला. उगाच जोर लावू नका. चिरलेल्या होजमधून उडालेली ग्रीसची बारीक धार कातडीत घुसते. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसली तरी लगेच दवाखाना गाठायचा.

खानापूरच्या पावसात भातखाचरात रोटर चालवणाऱ्यांना दोन्ही गन सारख्याच; चिखलपाणी ग्रीस धुऊन नेतं, त्यामुळे तिथे रोजचं रोज मारणं महत्त्वाचं. पाच-सहा गाड्या असतील तर पायाने चालणारा बादली पंप बघा. बॅटरीची गन सुखाची आहे, पण सील फुगून बाहेर येईपर्यंत हाताला काही कळत नाही, म्हणून बेअरिंगांसाठी मी ती सुचवणार नाही.

दुकानात जाताना एक नवं निप्पल खिशात न्या. कप्लर त्यावर बसवून सरळ ओढा: धरून राहिला पाहिजे. मग तिरका करा: सहज सुटला पाहिजे. दोन्ही जमलं तरच पैसे द्या, आणि एक जादा कप्लर सोबत घ्या.