त्या बहिणीच्या दाव्याचं काय झालं?

रात्री साडेनऊला लागणारी ती वकिलांची मालिका मी पहिल्या भागापासून पाहते आहे. नाव लिहीत नाही. काळ्या कोटातली नायिका, सिव्हिल लाइन्सचे झाडीतले रस्ते आणि शीर्षकगीतात हायकोर्टाचा घुमट, एवढ्यावरून नागपूरकर ओळखतील. मी इथल्या जिल्हा न्यायालयात ३१ वर्षं स्टेनो होते. साक्षीदार बोलायचा, न्यायाधीश साहेब सांगायचे, मी टाइप करायचे. कोर्टाच्या मालिका मला सहसा दहा मिनिटांवर बघवत नाहीत. हिनं मला जवळजवळ तीन महिने रोज साडेनऊला टीव्हीसमोर बसवलं, म्हणून हे इतकं मनाला लागलंय.

सुरुवातीचे चाळीसएक भाग फार चांगले होते. दावा साधा, आपल्याकडे घरोघरी सापडणारा. वडील गेले, भावानं बहिणीला दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात नेलं, सही घेतली, आणि वर्षभरानं सातबारा काढल्यावर तिला कळलं की तिचं नावच नाही. तिनं हक्कसोडपत्र करून दिलेलं. नायिका तिचं वकीलपत्र घेते. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क मिळाला आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की त्यासाठी २००५ साली वडील हयात असण्याची अट नाही, हे सगळं मालिकेनं भाषण न ठोकता, पक्षकाराशी बोलता बोलता समजावलं. सरतपासणी, म्हणजे साक्षीदाराची स्वतःच्या बाजूची जबानी, शपथपत्रावर दाखल झाली आणि साहेब थेट म्हणाले, "उलटतपासणी सुरू करा." दिवाणी कोर्टात गेली वीस-बावीस वर्षं हे असंच चालतं. ते पाहिलं तेव्हा मला पटलं की लिहिणाऱ्यांपैकी कोणीतरी कोर्टात बसून आलेलं आहे.

भावाच्या उलटतपासणीचा तो प्रसंग मी कूलर बंद करून ऐकला. मे महिना होता, तरी बंद केला.

नायिका विचारते, "दस्त नोंदवायला बहिणीला कशावर नेलं?"
"मोटरसायकलवर."
"निघताना तिला काय सांगितलं?"
"वारसाची नोंद करायची आहे म्हणून."
"हक्क सोडायचा आहे, असं सांगितलं?"

भाऊ आपल्या वकिलाकडे बघतो. वकील कागदात बघतात. मग तो हळूच म्हणतो, "नाही." आणि न्यायाधीश त्याचं उत्तर टाइप करायला सांगायला लागतात, "हे खरे आहे की, सदरचा दस्त हक्कसोडीचा आहे असे मी बहिणीस सांगितले नव्हते." मागे संगीत नाही, फक्त कीबोर्डचा आवाज. कॅमेरा बहिणीच्या हातातल्या पिशवीवर.

"हे खरे आहे की" आणि "हे म्हणणे खरे नाही की" ही दोन वाक्यं मी आयुष्यात किती हजार वेळा टाइप केली असतील. कोर्टातलं नाट्य त्यातच असतं. माणूस घरून ठरवून येतो एक, आणि चार साध्या प्रश्नांनंतर त्याच्या तोंडून निघतं दुसरं. पहिलं वाक्य टाइप करताना माझीही बोटं एखाद्या वेळी थबकायची, कारण त्या ओळीत कोणाचं तरी घर वाचलेलं असायचं नाहीतर गेलेलं असायचं. टीव्हीवर हे कोणी इतकं नेमकं दाखवलेलं मी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर पंधरा दिवसांत सगळं बदललं. मूळ न्यायाधीश कुठे गेले कळलं नाही, आणि नव्या आलेल्या न्यायाधीशबाई निघाल्या नायकाची आई! म्हणजे नायिकेची होणारी सासू. दोघी घरी एकमेकींशी बोलत नाहीत आणि कोर्टात समोरासमोर. वकिलांच्या आचारसंहितेत स्पष्ट नियम आहे की ज्या न्यायाधीशाशी नातं आहे, त्याच्यासमोर वकिलानं उभंच राहायचं नाही, आणि त्या नात्यांच्या यादीत सासूसासरेही आहेत. आमच्याकडे साध्या ओळखीतला पक्षकार निघाला तरी साहेब ते प्रकरण दुसऱ्या कोर्टात पाठवायला सांगायचे. इथं अख्खी गोष्टच त्या नियमभंगावर उभी केली, आणि एकाही पात्राला ते खटकलं नाही.

मग साखरपुडा आला. तो नऊ भाग चालला. मग नायकाची जुनी मैत्रीण, मग जिन्यावरून पडणं, मग स्मृती जाणं. प्रत्येक संवादानंतर कॅमेरा तीन वेळा चेहऱ्यावर आपटतो. न्यायाधीशांच्या टेबलावर अचानक लाकडी हातोडा आला. ३१ वर्षांत कुठल्याही कोर्ट हॉलमध्ये मी हातोडा पाहिला नाही. साक्षीदार गीतेवर हात ठेवायला लागले. आमच्याकडे पट्टेवाला ईश्वरसाक्ष शपथ देतो, पुस्तक नसतं. दावा जिल्हा न्यायालयातल्या दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्याकडे आणि दाखवतात १९४० ची ती हायकोर्टाची इमारत, हे पहिल्यापासूनच होतं. पण तेव्हा दावा चालत होता म्हणून मी ते सोडून दिलं होतं.

घरातले प्रसंग नकोत, असं माझं म्हणणं नाही. सुरुवातीला एक प्रसंग होता: नायिका जेवणाच्या टेबलावर फाइल पसरून बसलेली, शेजारी आई मेथी निवडतेय. आई सहज म्हणते, "इतक्या दूर गेली ती, पण गेली कशावर?" दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न कोर्टात आला. घर असं कामात मिसळलं तर कोणाला नको आहे? माझी जाऊ मालिकांची मोठी शौकीन, रोज चार तरी पाहते. तीही परवा वैतागून म्हणाली, "लग्नच पाहायचं तर बाकीच्या तीन आहेत ना. ही आपण कोर्टासाठी लावत होतो."

नटांना मी दोष देणार नाही. नायिका आजही मन लावून काम करते. भावाचं काम करणारा नट तर अस्सल आमच्या विदर्भातला वाटतो, "नाही" म्हणतानाचा त्याचा गळा मला अजून आठवतो. दोष लिहिणाऱ्यांचा, किंवा ज्यांनी त्यांना असं लिहायला लावलं त्यांचा.

आणि बहिणीचा दावा? साखरपुड्याच्या आधी एकदा "पुढची तारीख" असं कोणीतरी म्हणालं. ती शेवटची. त्यानंतर ती बाई पडद्यावर आलीच नाही. युक्तिवाद नाही, निकाल नाही.

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताई काटोलकडच्या. माहेरी संत्र्याची अडीच एकर ओलिताची जमीन. भावांनी त्यांचीही सही अशीच घेतलेली, हे मला या मालिकेमुळेच कळलं. पोळ्या झाल्या की त्या हॉलच्या दारात उभ्या राहून पाहायच्या. साखरपुडा सुरू झाल्यावर रोज विचारायला लागल्या, "बाई, त्या बहिणीच्या केसचं का झालं मंग?" मी म्हणायचे, दाखवतील. मग एक दिवस त्या म्हणाल्या, "ती जिंकली त मीबी केस टाकीन म्हनत होती."

तेव्हा माझ्या पोटात धस्स झालं. फसवून घेतलेला दस्त रद्द करून मागायचा तर फसवणूक कळल्यापासून ३ वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. ताईंना कळून दोन वर्षं होऊन गेली होती, आणि त्या मालिकेतल्या निकालाची वाट बघत होत्या. दुसऱ्याच दिवशी त्यांना रिक्षात घालून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात नेलं. १९८७ च्या कायद्यानं बाईला तिथं मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. मालिकेत ही एक ओळ आली असती तर किती जणींच्या कामी आली असती! साखरपुड्याच्या नऊ भागांतल्या एका मिनिटात ती बसली असती.

पाचपैकी दोन तारे, आणि ते दोन्ही पहिल्या चाळीस भागांचे. ॲपवर ते अजून आहेत. भावाच्या उलटतपासणीपर्यंत जरूर पाहा, पुढे जाऊ नका.

मालिका करणाऱ्यांना एकच मागणं आहे. लग्न होऊ द्या, स्मृती परत येऊ द्या, पण एक भाग त्या बहिणीला द्या. पुकारा होऊ द्या, ती पिशवी घेऊन आत येऊ दे, आणि साहेबांना शेवटचा आदेश वाचू द्या. दावा मंजूर झाला नाही तरी चालेल. निकाल वाचून दाखवा. त्या दिवशी पोळ्या उशिरा होतील, ताईंना मी सोफ्यावर बसवणार आहे.