वेदनाशमनाचा पंप: सेवा चोख, शेवटी मात्र ढिलाई

पुण्यातील एका खासगी रुग्णालयात आईच्या आतड्याची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर शिरेतून मॉर्फिन (अफूपासून मिळणारे तीव्र वेदनाशामक) देणारा, रुग्णाने स्वतः बटण दाबून चालवायचा पंप तिला लावण्यात आला. हा अभिप्राय त्या सेवेपुरताच आहे.

आदल्या संध्याकाळी भूलतज्ज्ञ मॅडमनी बटण आईच्या हातात देऊन सांगितले, "आजी, दुखणं असह्य होईपर्यंत थांबायचं नाही, खोकण्याआधी, कूस बदलण्याआधी दाबायचं." एका वेळी १ मिलिग्रॅम औषध जाते आणि पुढची १० मिनिटे कितीही वेळा दाबले तरी पंप दाद देत नाही. सिस्टरला हाक मारून इंजेक्शनची वाट पाहण्यापेक्षा हे कितीतरी बरे.

आई कण्हली की मावशीचा हात बटणाकडे जाई आणि सिस्टर तो प्रत्येक वेळी नम्रपणे, पण ठामपणे अडवीत. गुंगी चढलेला रुग्ण आपोआपच बटण दाबायचा थांबतो, यावरच या पद्धतीची सुरक्षितता उभी आहे. मायेपोटी दुसऱ्याने दाबले तर मात्रा वाढत जाऊन श्वास मंदावू शकतो. रात्री सिस्टर केवळ मॉनिटरवरचा ऑक्सिजनचा आकडा पाहून निघून जात नसत, तर छातीकडे पाहत श्वास मोजत, कारण नाकातून ऑक्सिजन सुरू असताना श्वास मंदावला तरी तो आकडा बराच वेळ चांगलाच दिसतो. मॉर्फिनवरचा उतारा, नॅलॉक्सोन, वॉर्डात हाताशी होता. मळमळ आणि नाकाला खाज हा त्रास झाला, पण त्यावर लगेच औषध मिळाले.

तक्रार आहे ती पुढची. पंप सकाळी काढला, पण त्याऐवजी द्यायची गोळी कोणीच लिहून ठेवली नव्हती. शिरेतून दिलेल्या मॉर्फिनचा असर काही तासांतच ओसरतो, त्यामुळे संध्याकाळच्या राउंडपर्यंत आई घामाघूम झाली होती. मॉर्फिनमुळे शौचाला खडा होऊ नये म्हणून काय करायचे, हेही आम्हालाच विचारावे लागले. पंपाचे भाडे बिलात वेगळे लागले. खर्चाच्या अंदाजपत्रकात त्याचा उल्लेख नव्हता.

अमली पदार्थविषयक कायद्यात २०१४ साली दुरुस्ती होऊन मॉर्फिनसाठीच्या परवान्यांची गुंतागुंत कमी झाली असली, तरी अनेक लहान रुग्णालयांत ते आजही मिळत नाही, म्हणून ही सोय असलेले ठिकाण मी जरूर सुचवीन. पंप काढण्याच्या वेळी कोणती गोळी सुरू होणार, हे मात्र भूलतज्ज्ञांकडून आधीच केसपेपरवर लिहून घ्यावे.