काशीत राहायचं कुठे, अस्सीला की पंचगंगेला?

काशीला जायचं ठरलं की लोक आधी हॉटेलचे फोटो बघत बसतात, मी म्हणते आधी भाग ठरवा, कारण अस्सी घाटाला उतरलात तर एक काशी दिसते आणि उत्तरेकडच्या पंचगंगा घाट-ब्रह्माघाटाकडे उतरलात तर दुसरीच. मी दोन्हीकडे राहिलेय, एकदा आईबाबांना घेऊन आणि एकदा एकटी.

अस्सी म्हणजे घाटांचं दक्षिण टोक. रिक्षा घाटाच्या बऱ्यापैकी जवळ येते आणि म्हातारी माणसं सोबत असली की हीच गोष्ट सगळ्यात मोठी ठरते. पहाटे अंधारातच सुबह-ए-बनारस सुरू होतं, आधी आरती, मग शास्त्रीय गाणं, मग योगासनं. गंगा इथे उत्तरेकडे वाहते, घाट सगळे पश्चिम काठावर आणि पलीकडे नुसती वाळू, त्यामुळे सूर्य अगदी तुमच्यासमोर वर येतो. आई शाल गुंडाळून पायरीवर बसली ती तासभर उठलीच नाही. झाशीच्या राणीचं जन्मस्थान भदैनीत, म्हणजे तिथून चालत जाण्यासारखं, आणि बनारस हिंदू विद्यापीठपण (बीएचयू) जवळ, तिथलं भारत कला भवन चुकवू नका, लघुचित्रं फार सुंदर आहेत.

पण खाण्यात अस्सी मला फिकं वाटतं. कॅफे भरपूर, पास्ता-पॅनकेक सगळं मिळतं, पण त्यासाठी काशीला कशाला जायचं?

खाणं म्हणाल तर पंचगंगेकडेच. गल्ल्यांतून ठठेरी बाजारात सकाळी लवकर पोचायचं, कचोरी-भाजी आणि गरम जिलेबी खायची आणि थंडीत गेलात तर चौखंबा भागात मलइयो. कुल्हडात पिवळसर केशरी फेस, वर पिस्त्याचे काप, चमचा घातला की वजनच लागत नाही आणि तोंडात गेल्यावर काही उरत नाही, फक्त केशराचा वास. थंडी सरली की हा प्रकार मिळत नाही आणि ऊन चढल्यावर गेलात तरी फेस बसून गेलेला असतो.

आणि आपल्या माणसाला हा भाग जास्त जवळचा वाटतो. ब्रह्माघाट, दुर्गाघाट ही मराठी घराण्यांची जुनी वस्ती. नाथांनी एकनाथी भागवत पूर्ण केलं ते काशीतच, १५७३ साली. विश्वनाथाचं आजचं देऊळ अहिल्याबाईंनी १७८० मध्ये बांधून घेतलेलं, तिथेही इकडून चालत जाता येतं (मोबाईल आत नेता येत नाही, रूमवरच ठेवून जा). कार्तिकात पंचगंगेवर उंच बांबूंना टोपल्या बांधून त्यात पितरांसाठी दिवे लावतात, ते आकाशदीप बघताना मला रडूच आलं होतं.

त्रास आहेच. पायऱ्या खूप उभ्या, गाडी गल्लीत येत नाही, आणि माझ्या हॉटेलवाल्याने फोनवर दोन मिनिटं सांगितलेलं अंतर मी बॅग उचलून वीस मिनिटं चालले, तेही गाय आडवी आली की थांबत थांबत. गुडघे दुखणाऱ्यांना इथे अजिबात नेऊ नका.

कॅन्टोन्मेंटची मोठी हॉटेलं आरामाची आहेत, सारनाथलाही सोयीची, पण घाट लांब राहतो, मी नाही सुचवणार.

तर आईबाबा किंवा लहान मुलं असतील तर अस्सी, डोळे झाकून. दोघंच असाल, पाय धड असतील, तर पंचगंगा. चार दिवस असतील तर दोन-दोन रात्री वाटून घ्या आणि एका सकाळी अस्सीहून पंचगंगेपर्यंत घाटाघाटाने चालत या. फक्त पावसाळ्यात नको, पाणी चढलं की पायऱ्या बुडतात, घाटावरून चालायची वाट बंद होते आणि बोटीही थांबवतात. मी तरी नोव्हेंबर ते फेब्रुवारीच धरते, मलइयोसाठी.