बाराशेचा बॉक्स आन त्यातली येशूची वंशावळ

संभाजीनगरात ते 'बॉक्समध्ये मावतील तेवढी पुस्तकं न्या' वालं प्रदर्शन लागलं होतं, कसं होतं म्हणून बऱ्याच जणांनी विचारलं, म्हणून लिहायलोय. पण आधीच सांगतो, मधी एका पुस्तकावर गाडी घसरणार आहे आन ती परत रुळावर येईल याची गॅरंटी नाई.

पहिलं प्रदर्शनाचं. आम्ही जालन्याहून रविवारी गेलो ही पहिली चूक, कारण अख्खं शहर तिथंच लोटलेलं, पार्किंगमध्येच अर्धा तास गेला. आत तीन साइजचे बॉक्स, मी मधला घेतला, बाराशेचा. नियम एकच, झाकण सपाट बसलं पाहिजे, आन काउंटरवरचा पोरगा झाकणावर असा हात फिरवतो जसा काय पोळ्याला बैलाच्या पाठीवर फिरवायलाय. भरायची ट्रिक सांगून ठेवतो, जाड पुठ्ठ्याची पुस्तकं खाली उभी लावा, वर पेपरबॅक आडवी, आन राहिलेल्या फटीत जे पातळसातळ सापडेल ते कोंबा. मराठी पुस्तकं जवळजवळ नव्हतीच, एका कोपऱ्यात पंधरावीस असतील, ती बी स्पर्धा परीक्षेची. पंखे कमी, पाणी नाई, बिल देणारा माणूस बिल मागितलं की तोंड वाकडं करायला. लहान पोरांच्या पुस्तकांचा विभाग मात्र भारी होता, पोरगी तिथून हलायलाच तयार नव्हती.

एक गोष्ट मजेची दिसली. येशूचं लग्न, येशूचे वंशज, होली ग्रेलचं (म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनातला म्हणतात त्या प्याल्याचं) गुपित, टेम्प्लर नावाच्या मध्ययुगातल्या ख्रिस्ती लढवय्या सरदारांचा खजिना, असल्या पुस्तकांचा नुसता ढीग. चार टेबलं. माझा अंदाज असा की २००३ ला ती लिओनार्दोच्या चित्रातल्या गुपिताची 'द दा विंची कोड' कादंबरी गाजली तेव्हा सगळ्या प्रकाशकांनी ह्या विषयावर हात धुऊन घेतला, आन वाचून झालेलं, न विकलेलं ते सगळं आता कंटेनर भरभरून आपल्याकडं उतरायलंय. त्या ढिगातून मी ह्या सगळ्यांचा आजोबा उचलला, 'द होली ब्लड अँड द होली ग्रेल', १९८२ चं, बेजंट, ली आन लिंकन असे तीन लेखक. माझी कॉपी इंग्लंडातल्या कुठल्यातरी लायब्ररीनं रद्द केलेली, आत तसा शिक्का आहे, आन आधीच्या कुणा वाचकानं पेन्सिलीनं पानोपानी प्रश्नचिन्हं काढलेली. शंभराव्या पानानंतर प्रश्नचिन्हं बंद. एकतर पटलं असंल नाईतर झोप लागली असंल.

पुस्तकाचं म्हणणं थोडक्यात असं की येशूचं त्याच्या शिष्येशी, मरीया मग्दालियाशी, लग्न झालं होतं, त्यांचं लेकरू फ्रान्सात पोचलं, ते रक्त पुढं तिथल्या मेरोविंजियन राजघराण्यात मिसळलं, आन प्रायरी ऑफ सायन नावाची एक गुप्त संघटना शेकडो वर्षं त्या वंशाची राखण करायली. आन होली ग्रेल म्हणजे प्याला नाईच, ते जुन्या फ्रेंचमधल्या 'सांग रेआल'चं, म्हणजे राजरक्ताचं, चुकीचं तोडलेलं रूप. वाचताना अंगावर काटा येतो हे खरं आहे. मी दोन रात्री जागलो. बायको म्हणली, परीक्षा आहे का काय?

तिसऱ्या दिवशी शेजारच्या मावशींकडं गेलो. मावशी मिशन हॉस्पिटलातून नर्स म्हणून रिटायर झाल्या, माहेर बेथेलचं. जालन्याबाहेरच्यांना माहीत नसतं म्हणून सांगतो, रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात वसवलेलं ख्रिस्ती गाव ते. मला वाटलं मावशी चिडतील. त्यांनी चष्मा लावला, मागचं कव्हर वाचलं आन म्हणल्या, "बाळा, हे ग्रेल काय असतंय?" मी म्हणलं अहो मावशी तुमचाच प्याला, शेवटच्या भोजनाचा. "प्याला हाये की, प्रत्येक प्रभुभोजनाला असतोय. पण त्यो कुठं गेला, त्याच्यात कोणती शक्ती होती, असलं आमच्या बायबलात एक ओळ नाई." मी घरी येऊन चारी शुभवर्तमानं, म्हणजे बायबलातली येशूची चरित्रं, चाळली. खरंच नाई.

मग आला कुठून? तर एका गोष्टीतून. बाराव्या शतकाच्या शेवटी क्रेतियाँ द त्र्वा नावाच्या फ्रेंच कवीनं पर्सिव्हल नावाच्या पोरसवदा सरदाराची कथा लिहायला घेतली, ती अर्धीच राहिली, आन तिच्यात पहिल्यांदा ग्रेल येतंय. ते बी प्याला म्हणून नाई, तर पंक्तीत मासे वाढायचं खोलगट ताट असतंय तसलं काहीतरी, म्हणजे आपल्या भाषेत परात. कवी मुद्दाम सांगतो की त्यात मासा होता असं समजू नका, एकच पवित्र भाकर होती. मग १२०० च्या आसपास रोबेर द बोरोननं त्या परातीचा शेवटच्या भोजनाचा प्याला केला, आन येशूला कबरीत ठेवणाऱ्या अरिमथाईकर योसेफानं त्यात येशूचं रक्त धरलं असं जोडून दिलं. लगेच पुढं व्होल्फ्राम नावाच्या जर्मन कवीनं सरळ त्याचा दगड करून टाकला. परात, प्याला, दगड, हे सगळं एका माणसाच्या आयुष्यभरात झालं! आन ते 'सांग रेआल'चं तोडणं-जोडणं तर आणखी दोन-अडीचशे वर्षांनी सुचलेली शब्दांची गंमत आहे, त्याच्यावर ह्या तिघांनी अख्खा वाडा उभा केला.

खरा प्याला आमच्याकडंच म्हणणारी गावं बी आहेत. स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाच्या कॅथेड्रलात अकीकाचा एक आहे. इटलीत जिनोव्हाला हिरवं पात्र होतं, अख्ख्या पाचूत कोरलंय म्हणून पूजायचे, ते नेपोलियननं पॅरिसला नेलं, परत येताना फुटलं, आन कळलं की काच आहे. परळी का देवघर, औंढा का द्वारका हे ज्यानं लहानपणापासून ऐकलंय त्याला ह्या भांडणाचं काही नवल वाटणार नाई. आम्ही श्रावणात औंढ्याला जातो, द्वारकेवाले द्वारकेला जातात, कोणी कोणाचं काही बिघडवत नाई.

आता पुस्तकाच्या मधल्या भागाचं, जिथं ते सगळ्यात जास्त रंगलंय. दक्षिण फ्रान्सात रेन-ल-शातो नावाचं टेकडीवरचं गाव, १८८५ ला तिथं सोनिएर नावाचा गरीब पाद्री येतो, आन काही वर्षांतच चर्च नवं, बंगला, बुरूज, बगीचा! पैसा कुठून आला? लेखक म्हणतात खांबात कागद सापडले, गुपित सापडलं. खरी गोष्ट चर्चच्याच चौकशीत निघाली होती. पाद्रीबुवा पोस्टानं पैसे मागवून लोकांच्या नावानं मिसा (कॅथलिक चर्चमधला प्रार्थनाविधी) म्हणायचं कबूल करायचे, इतक्या की म्हणणं शक्यच नव्हतं. म्हणजे एकाच मुहूर्तावर हजार अभिषेकांच्या पावत्या फाडल्यासारखं. बरं, ते १९१७ ला वारले आन विषय मिटला. मग १९५० च्या दशकात त्या बंगल्यात एकानं हॉटेल टाकलं. डोंगरावर गिऱ्हाइक कोण येणार? त्यानं खजिन्याची गोष्ट पसरवली, पेपरात छापून आली, आन गर्दी सुरू. (हॉटेलवाल्याला माझ्याकडून पाच स्टार. आपल्या हायवेवरच्या धाब्यांना एवढं डोकं असतं तर!)

आन ती प्रायरी ऑफ सायन. शेकडो वर्षं जुनी म्हणे, न्यूटन आन लिओनार्दो तिचे प्रमुख. प्रत्यक्षात १९५६ ला पिएर प्लांतार नावाच्या माणसानं फ्रान्सात रजिस्टर केलेली छोटी संस्था, नाव जवळच्या डोंगरावरून, आन तिच्या मासिकाच्या पहिल्या अंकांमधून विषय काय तर स्वस्त घरांचे हक्क. म्हणजे घरकुल योजना! प्लांतारला स्वतःला राजवंशातलं ठरवून घ्यायचं होतं. त्याच्या मित्रानं, शेरिझेनं, जुने वाटतील असे कागद तयार केले, आन बनावट वंशावळीची फाइल १९६७ ला पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जमा करून टाकली. मग हे तिघं लेखक गेले, फाइल सापडली, आन म्हणले बघा, सरकारी ग्रंथालयात पुरावा आहे.

इथं मी पुस्तक मिटून हसलो. गेली दोन-तीन वर्षं मराठवाड्यात निजामकाळच्या नोंदी शोधायला लोकं तहसीलच्या चकरा मारायलेत, उर्दू आन मोडी वाचणाऱ्याला कधी नव्हे तो भाव आलाय, त्यामुळं नोंद म्हणजे काय, शाई कोणती, हस्ताक्षर कोणतं, मागच्या-पुढच्या पानाशी जुळतंय का, हे इथं चहाच्या टपरीवरच्या माणसाला बी कळतंय. आन हे तिकडचे शिकलेले लोक! रेकॉर्ड रूममध्ये एकानं कागद ठेवायचा, दुसऱ्यानं त्याचीच नक्कल काढून आणायची, आन म्हणायचं शिक्का आहे बघा. प्लांतारनं १९९३ ला चौकशीत हे सगळं आपणच रचल्याचं कबूल केलं. गंमत म्हणजे येशूचं रक्त ही त्याची कल्पनाच नव्हती, ती ह्या तिघांनी वरून घातली, आन तो त्यापासून लांबच राहिला.

मग २००६ ला तिघांतल्या दोघांनी त्या गाजलेल्या कादंबरीच्या प्रकाशकावर लंडनच्या कोर्टात केस टाकली की आमची कल्पना चोरली. हरले. आता तुम्हीच सांगा, आम्ही इतिहास लिहिलाय म्हणायचं आन तो वापरला तर चोरी म्हणायचं, जमतंय का? जज बी असा रंगेल की त्यानं निकालपत्रातच तिरप्या अक्षरांत एक गुप्त संदेश घालून ठेवला.

एक मान्य करतो, मरीया मग्दालियावर अन्याय झाला हा मुद्दा बरोबर आहे. ती वेश्या होती असं बायबलात कुठंच नाई, ५९१ साली पोप ग्रेगरीनं प्रवचनात तिला दुसऱ्या एका पापी बाईशी जोडून टाकलं आन ते चिकटलं ते चिकटलंच. आन लग्नाचा पुरावा म्हणून जे फिलिपचं शुभवर्तमान दाखवतात, १९४५ ला इजिप्तमध्ये नाग हम्मादीला सापडलेल्या कागदांतलं, त्यात येशू तिचं चुंबन घ्यायचा म्हणतात ती ओळ आहे खरी, पण कुठं घ्यायचा तिथंच नेमकं पपायरसला भोक आहे. मावशींना सांगितलं तर पदर तोंडाला लावून एवढ्या हसल्या.

इथपर्यंत मी पुस्तकाला दोन स्टार देऊन मोकळा होणार होतो. पण बॉक्समधी फट बुजवायला एक पातळ पुस्तक कोंबलं होतं, मध्ययुगातल्या संतकथांवरचं, ते सहज उघडलं आन तिथं अडकलो.

येशू भारतात आला होता हे आपण व्हॉट्सॲपवर वाचलेलंच असतंय. त्याचे दोन रस्ते. एक नोतोविच नावाचा रशियन, त्यानं १८९४ ला छापलं की लडाखच्या हेमिस मठात त्याला ईसाचं चरित्र वाचून दाखवलं. पुढच्याच वर्षी आग्र्याचा एक प्रोफेसर तिथं जाऊन आला तर मठाधिपती म्हणले असलं काही नाई. दुसरा रस्ता काश्मीरचा. अहमदिया पंथाचे संस्थापक मिर्झा गुलाम अहमद यांनी १८९९ मध्ये मांडलं की येशू क्रुसावरून वाचले, पूर्वेला आले, आन श्रीनगरच्या खानयारमधली रोजाबलची कबर त्यांचीच. कबर ज्यांच्या नावाची आहे ते युझ आसफ. तिथले लोक मात्र त्यांना आपला संत मानतात, येशू नाई. दोन ठिकाणची समाधी आपल्याला नवी नाई म्हणा, नामदेव महाराज नरसीचे, पंढरपुरात पायरी आहे आन पंजाबात घुमानला बी समाधी आहे.

पण हे युझ आसफ नाव! पातळ पुस्तक म्हणतंय की ते मूळ आपलं 'बोधिसत्त्व'. बुद्धाची गोष्ट, राजवाड्यात कोंडलेला राजपुत्र, म्हातारा बघतो, रोगी बघतो, घर सोडतो, ती इराणमार्गे अरबीत गेली, तिथं बोधिसत्त्वाचं बुदासफ झालं. आन अरबीत शब्दाच्या सुरुवातीला बे आन ये ही अक्षरं सारखीच दिसतात, खाली एक नुक्ता (टिंब) दिला तर बे, दोन दिले तर ये. लिहिणाऱ्याचा एक नुक्ता वाढला आन बुदासफचा युदासफ झाला. आमचे आजोबा निजामाच्या काळात उर्दूत चौथी शिकलेले, पाटीवर हीच दोन अक्षरं काढून आम्हाला फसवायचे! तोच युदासफ पुढं जॉर्जियन, ग्रीक करत लॅटिनमध्ये योसाफात झाला, आन रोमच्या संतांच्या यादीत २७ नोव्हेंबरला त्याचा दिवस लागला. म्हणजे कॅथलिक चर्च शेकडो वर्षं नकळत गौतम बुद्धाचा सण पाळायलं होतं. आन त्याच नावाची काश्मीरमधली कबर येशूची म्हणून दाखवायलेत.

पोरीला घेऊन दुसऱ्या रविवारी अजिंठ्याला गेलो. पहिल्या लेणीत पद्मपाणीसमोर आपण सगळे उभे राहून आलोय शाळेच्या सहलीत, हातात कमळ, नजर खाली. तिला म्हणलं हा बोधिसत्त्व, ह्याच शब्दाला तिकडं रोममध्ये सेंट योसाफात म्हणायचे. ती म्हणली बाबा फोटो काढू का? फ्लॅशला मनाई आहे, वॉचमन ओरडला, बाहेर आलो.

तर हिशोब असा. प्रदर्शन, पाचपैकी तीन, पाण्याचा आन मराठीचा एक-एक कट. ग्रेलवालं जाड पुस्तक, गोष्ट म्हणून चार, इतिहास म्हणून अर्धा, बॉक्समध्ये खालची जागा खातंय म्हणून फक्त प्रवासाला वाचायचं असंल तरच घ्या. पातळ पुस्तकाला पाच. त्याचं नाव विचारू नका, वरचं पान फाटलंय आन बाकीचं सध्या मावशींकडं आहे, देतो-देतो म्हणून तीन आठवडे झाले.